स्वखुशीने

“हा एक शब्द खोडा, लगेच सही करते,” दुर्बीण म्हणाली.

मॅनेजरने राजीनाम्याचा कागद आपल्याकडे वळवला. “कोणता?”

“स्वखुशीने.”

कापडाच्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीणच म्हणत. सव्वीस वर्षं ती तपासणीच्या उजळ टेबलावरून सरकणारं कापड बघत आली होती. तुटलेला धागा, तेलाचा ठिपका, विणीतली गाठ. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. गेले चार महिने मात्र ती यंत्राला शिकवत होती. वर कॅमेरे बसले होते. ती चूक दाखवायची आणि इंजिनिअर कॉम्प्युटरवर तिची नोंद करायचा. “अरे, डाग नाही तो, सावली आहे,” असं ती यंत्रावर डाफरली की इंजिनिअरला हसू फुटायचं.

यंत्र शिकलं. चांगलंच शिकलं, हे तिनेही नाकारलं नाही. त्याला जेवणानंतर पेंग येत नव्हती. सोबतच्या पाच जणी याच कागदावर सही करून गेल्या. आता तिची पाळी होती.

“ताई, छापील फॉर्म आहे,” मॅनेजर म्हणाला. “एका शब्दाने असा काय फरक पडतो?”

“पडत नसेल तर खोडा की.”

“शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ ठेवलाय. सही नसली तर अवघड होईल.”

“मग खुर्च्या मांडू नका.”

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. “पालथ्या घड्यावर पाणी! देऊन टाक सही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“पाण्यातून काढतायत ना मला? मग कसला मासा आणि कसलं वैर!”

मुलगी एका ऑफिसात हिशेब तपासायची. ती म्हणाली, “बाबा, राजीनामा दिला की हिनेच काम सोडलं असं होतं. उद्या माझ्यापुढेही असाच कागद येईल.”

“तेच म्हणतेय मी,” दुर्बीण म्हणाली आणि वहीतलं पान फाडून लिहायला बसली.

“टाइप करून देऊ?”

“नको. एवढं तरी हाताने होऊ दे.”

तिने लिहिलं: मी काम सोडत नाही. माझ्या जागी यंत्र बसवलं आहे. त्याला मी शिकवलं आहे. मला काढायचं असेल तर तसं लिहून द्या.

तीन दिवस ते पान या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. गुरुवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. “तुमचं बघून त्या पाच जणीही उद्या दारात उभ्या राहतील.”

“दोघी आजच आल्यात, साहेब. गेटवर आहेत. मीच फोन केला होता. त्यांचीही खुशी विचारा एकदा.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

शुक्रवारी दुपारी मॅनेजरने तिच्या हातात पत्र दिलं. यंत्र बसवल्यामुळे पद रद्द होत आहे, कर्मचाऱ्याने स्वतः काम सोडलेलं नाही, असं त्यात होतं. तिने ते उजळ टेबलावर पसरलं आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

“‘यंत्र’वरचा अनुस्वार राहिलाय.”

“ताई, आता हे—”

“चूक दिसल्यावर पुढे सोडत नाही मी.”

तो निमूटपणे नवी प्रत काढून घेऊन आला. गेटवर पुन्हा आलेल्या त्या दोघींनी त्याच पत्राचा फोटो मागून घेतला, आपापला अर्ज लिहिण्यासाठी.

समारंभ झाला नाही. पावणेपाचला तिचा तागा संपला. इंजिनिअर जवळ येऊन उभा राहिला. “निघालात तरी चालेल हो. कोणी काही म्हणणार नाही.”

“पाच कुठे वाजलेत अजून?”

तिने नवा तागा ओढला, टोक सरळ केलं आणि कापड सरकवणारी टेबलाखालची पट्टी पायाने दाबली. कापड सरकू लागलं. हातभर सरकल्यावर तिने ते थांबवलं, सुटलेल्या धाग्याशी लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पायाखालची पट्टी पुन्हा दाबली.