हात द्यायची पाळी

लोक रडायचे माझ्या नवऱ्यासाठी, लाफाएलेसाठी, आणि ओरडायचे त्याच्या जोडीदारासाठी, ऊआतीसाठी. अख्ख्या न्यूझीलंडभर त्यांची जोडीची कुस्ती याच वाटणीवर चालली.

लाफाएले रिंगमध्ये मार खायचा. समोर दोन खलनायक, एक कॅनडाचा आणि एक कॅनडाचा असल्याचं सांगणारा. कंबर धरून, गुडघ्यांवर रांगत लाफाएले आपल्या कोपऱ्याकडे निघायचा. तिथे खांबाला बांधलेला दोराचा तुकडा एका हातात धरून ऊआती बाहेर उभा, दुसरा हात लांब केलेला. दोर सोडायचा नाही आणि जोडीदाराचा हात लागल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम. हात लागणार लागणार, तेवढ्यात ते दोघे लाफाएलेला पायाला धरून मागे ओढत. असं पुन्हा पुन्हा. आमच्या सामोअन चर्चमधल्या बायका पहिल्या रांगेत तोंडावर पंखे धरून हुंदके द्यायच्या. मग एकदाचा हात लागला की ऊआती दोरांवरून उडी मारून आत, आणि हॉलचं छप्पर उडेल असा गलका.

शेवटी ऊआती लोकांच्या खांद्यावर, आणि माझा नवरा बर्फाची पिशवी शोधत खाली. कुस्ती ठरवलेली असते म्हणे. असेल. त्याच्या पाठीला खोबरेल तेल मी चोळायची, ती पाठ काही ठरवून सुजत नव्हती.

"नुसता उभा तर असतो तो," मी म्हणायची. "बसस्टॉपवरही लोक उभे असतात. त्यांना कोण टाळ्या वाजवतं?"

"सेलेपा, तेही कामच आहे," लाफाएले म्हणायचा. पण पोस्टरवर ऊआतीचं नाव वर दिसलं की त्याच्या मानेची शीर टरारून यायची. आतून तोही जळत होता. फक्त माझ्याइतका मोठ्याने नाही.

मग कळलं की होनोलुलूचे एक कुस्त्या भरवणारे गृहस्थ शनिवारी बघायला येणार आहेत. त्यांना एकट्याने लढणारा सामोअन गडी हवा होता. जोडी नको, एकच.

ऊआतीला ना बायको ना संसार. रविवारी चर्च सुटलं की जेवायला आमच्याकडेच. त्याने तारोच्या उकडलेल्या कंदाचा तिसरा तुकडा उचलला तेव्हा लाफाएले म्हणाला, "या शनिवारी मार तू खा. कोपऱ्यात मी उभा राहतो."

ऊआतीचा घास थांबला. "जमेल तुला?"

"काय, उभं राहायला?" मी विचारलं.

"हो वहिनी. उभं राहायलाच."

मला इतका राग आला की नारळाच्या दुधातल्या पावांची परात मी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. त्याने हात लांब करून तिथूनही घेतला.

शनिवारी हॉल गच्च भरलेला. ऊआतीने मार खाल्ला, आणि काय सुरेख खाल्ला! "अगं बाई, बिचारं पोर!" आमच्या बायकांचे पंखे वर गेले. टाळ्या तर त्याच्या होत्याच, आता माझ्या नवऱ्याच्या वाटचे हुंदकेही त्यानेच नेले, असं वाटून माझा जीव नुसता तडफडला.

ऊआती पालथा पडला. कोपऱ्याकडे रांगू लागला. त्याने हात वर केला, हा पहिलाच प्रयत्न. कॅनडावाला पाय ओढायला निघालाच होता. लाफाएलेने कमरेतून वाकून तो हात खपकन धरला.

झालं. टॅग झाला, पाळी बदलली. कॅनडावाला रिकाम्या हातांनी तसाच वाकून उभा. लोकांची आइस्क्रीमसुद्धा अजून संपली नव्हती. लाफाएले उडी मारून आत आला, दोघांना आपटलं, सगळं नीट केलं. आणि लांबलेलं प्रवचन संपल्यावर वाजतात तशा टाळ्या वाजल्या.

मी मागे कपडे बदलायच्या खोलीत गेले, तर ऊआती बुटांची नाडी सोडत होता.

"अरे, पहिल्याच वेळी? लोकांना नीट रडू तरी द्यायचंस!" तो लाफाएलेला म्हणत होता.

"तुझा हात समोर आला," लाफाएले म्हणाला.

"येणारच. तो सोडायचा असतो."

"नाही सोडवला." तो भिंतीकडे बघत होता. "मला वाटायचं, तू मुद्दाम हात मागे घेतोस."

"मुद्दामच घेतो. बोटभर. तेव्हा तू ज्या नजरेने बघतोस ना भावा, माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"आमच्याकडे तर चांगला उतरतो," मी म्हणाले. आधी लाफाएले हसला, मग ऊआती. माझ्याच बोलण्यावर हसणारी मी शेवटची.

होनोलुलूच्या गृहस्थांनी अर्थातच ऊआतीला निवडलं.

विमानतळावर आमच्या रीतीप्रमाणे बायकांनी त्याच्या गळ्यात चॉकलेटच्या इतक्या माळा घातल्या की हनुवटी दिसेना. लाफाएलेने हात पुढे केला. ऊआतीने आपला हात बोटभर मागे घेतला. पंखे झटकन वर गेले. मग त्याने तो हात असा घट्ट धरला की माळा तुटून चॉकलेटं फरशीवर सांडली. बरगडी मोडली तेव्हाही न रडलेला माझा नवरा सगळ्यांसमोर रडला.

परतताना गाडीत मी माझा हात गिअरजवळ ठेवला, अगदी बोटभर अंतरावर. तो काचेतून आभाळात विमान शोधत होता. मांगेरेच्या वळणावर गिअर टाकताना त्याचा हात माझ्या हाताला लागला.

"काय गं?"

"काही नाही. रस्त्याकडे बघ," मी म्हणाले. पण हात काढला नाही.