‘असू दे’च्या उजवीकडे

संगणकाच्या पडद्यावर मधोमध एकाखाली एक ‘असू दे’, ‘असू दे’, ‘असू दे’ — डावीकडे कुणाचं तरी अर्धं वाक्य, उजवीकडे उरलेलं, माणूस कुठेच नाही. नावं गाळूनच बोलणं बोलीच्या संग्रहात येतं, हजारो घरांत ध्वनिमुद्रित केलेलं. ‘असू दे’ म्हटल्यावर लोक पुढे काय म्हणतात, एवढंच तिने पाहायचं. आणि सकाळपासून ती थक्क होऊन पाहत होती. बहुतेक जण पुढे दुसऱ्याची बाजू घेत होते. असू दे, लहान आहे तो. असू दे, विसरली असेल. कुणी न शिकवता सगळे एकाच वळणाने... केवढी शहाणी असते भाषा, बोलणारे आपण मात्र —

फोन. नवरा.

“आईची बॅग भरून झाली. सहाची गाडी. आता दादाकडेच राहीन म्हणतेय, कायमची. येतेयस ना?”

“बघते.”

“बघते काय? तू एकदा राहा म्हणालीस तर राहील ती.”

“मी जा म्हटलं का त्यांना?”

म्हटलं नव्हतं. राहा, असंही म्हटलं नव्हतं. कित्येक महिने दोघींत फक्त चहा घ्या, दार लावा... सासूबाई ओट्याशी, ही खोलीत, दार लोटून.

“काय गं,” फोन ठेवताच पलीकडच्या टेबलावरून संग्रहाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “ओळींत कुणी ओळखीचं भेटलं वाटतं? तोंड बघ जरा!”

ती कशीबशी हसली. पुढची ओळ —

नाही आली बसायला, असू दे, दिवसभर परक्यांचं ऐकून कान किटतात पोरीचे

बोट थांबलं. असलं काम दुसऱ्या कुठल्या घरात... तिने ओळीच्या मागचं-पुढचं बोलणं उघडलं. आधी कुणी शेजारीण — “भारीच घुमी हो तुमची सून.” मग ते वाक्य. मग — “तिच्यासमोर नका हं म्हणू. लागतं तिला. दाखवत नाही.”

ध्वनिमुद्रणाचं यंत्र तिनेच ठेवलं होतं ओट्यावर, संग्रहासाठी, आणि आत जाऊन झोपली होती. ऐकून लिहून काढलं दुसऱ्याच कुणी. हजारो घरांचं ऐकलं मी, आणि माझ्याच ओट्याशी, इतक्या थोडक्यात, इतकं नेमकं कुणी माझ्याविषयी... दाराच्या पलीकडे...

सवयीने तिने शोधाच्या चौकटीत टाइप केलं : राहा ना. भराभर ओळी आल्या. राहा ना दोन दिवस. राहा ना हो, काय घाई आहे. राहा ना, मुलं विचारतात. सुरेख, सहज, कुणाकुणाची वाक्यं. एकेक ती ओठांवर ठेवून पाहत गेली. एकही तिच्या तोंडात बसेना — आणि ओठ तर हलायचे थांबेनात.