एकही घास न खाल्लेलं तोंड

मी एक तोंड आहे. तोंड म्हटल्यावर बोलणं आलंच, तेव्हा मी बोललो तर नवल वाटून घेऊ नका. खरंखुरं तोंड मात्र नव्हे. दातांच्या दवाखान्यातल्या फळीवर ठेवलेला प्लास्टरचा ठसा आहे मी. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही मिळून बत्तीस दात. एक किडलेला नाही की एक वाकडा नाही. आणि जन्मल्यापासून या बत्तीस दातांखाली एकही घास गेलेला नाही. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण कुणी माझ्याकडे बघूनच रचली असावी.

त्यामुळे खाण्याची चौकशी करायची मला फार हौस. समोरच्या खुर्चीत माणूस येऊन बसला, की त्याच्या दाढेत काय अडकलंय यापेक्षा ते चवीला कसं होतं, हे मला ऐकायचं असतं. पण माणसं ते सांगत नाहीत. सगळी एकच सांगतात, "मी गोड फारसं खात नाही हो." डॉक्टरीणबाई मान डोलावतात आणि छोटा आरसा तोंडात घालतात. पुढचं आरसाच सांगतो.

माझा जन्म झाला तो एका अडकलेल्या खणापायी. दवाखान्यातल्या कपाटाचा खण उघडेना, म्हणून बाईंनी सुतारकाकांना बोलावलं. वय एकाहत्तर, कानावर पेन्सिल, ओठांत चार स्क्रू. काम करता करता ते स्वतःच्याच कुठल्याशा विनोदावर हसले, स्क्रू खाली पडले आणि बाईंना त्यांचे दात दिसले.

"काका, जरा या खुर्चीत बसा बरं."

"अहो, मी खण दुरुस्त करायला आलोय. मला कशाला दुरुस्त करताय?"

तरी बसले. बाईंनी दात मोजले, पुन्हा मोजले. अक्कलदाढासुद्धा चारही जागच्या जागी, जागा राखून ठेवल्यासारख्या उगवलेल्या. माथे तेवढे झिजून सपाट झालेले, जन्मभर जाडंभरडं चावणाऱ्याचे होतात तसे. बाईंच्या स्वतःच्या मुलीचे दात म्हणजे रांगेत घुसणारी माणसं, एकाच्या खांद्यावर दुसरा. ती तेरा वर्षांची होती आणि तारा लावायच्या आधी तिचे चार चांगले दात काढावे लागणार होते. आता बाईंसमोर हा जबडा आला, ज्याने आयुष्यात डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं.

"याचा ठसा घेते मी," त्या म्हणाल्या.

गुलाबी लगद्याने भरलेला, जबड्याच्या आकाराचा चमचा काकांच्या तोंडात गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लगदा निघाला, त्यात दातांच्या पोकळ्या राहिल्या, पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतलं. दवाखान्यातल्या मावशींनी तो चमचा टेबलावर टकटक आपटून हवेचे बुडबुडे काढले. प्लास्टरमधले सगळे निघाले, पण एक बुडबुडा आधीच लगद्यात राहून गेला होता. त्या बुडबुड्याच्या जागी प्लास्टर भरलं, आणि माझ्या डाव्या दाढेवर मोहरीएवढा उंचवटा आला. सुतारकाकांच्या तोंडात तो नाही. बाकी सगळं त्यांचं, तेवढा उंचवटा माझा.

मग सुरू झाली चौकशी. "काका, लहानपणी काय खायचात?" एवढं विचारायचा अवकाश, काका सुटलेच. खण दुरुस्त होऊनही तीनदा येऊन सांगून गेले. भरड पिठाचा बोटभर जाड रोट, त्याची कड चावता चावता कानशिलं दुखायची. काळ्या शेळीचं धारोष्ण दूध, पेलाभर. भाजलेले कंद, सालासकट. परसातला हिरवा पाला. नळीचं हाड मिळालं की हातोडीने फोडायचं आणि आतला गर चोखायचा. साखरेला हात लावायची सोय नव्हती, ती पाहुण्यांसाठी आणि चहासाठी. "आमच्या काळचं खाणंच तसं होतं, डॉक्टरबाई. आता काय, तोंडात घातलं की विरघळतं. दातांना कामच नाही." हे शेवटचं वाक्य ते दरवेळी म्हणत, आणि दरवेळी ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं हसत.

मी कान देऊन ऐकायचो. कान कुणी मला ओतले नाहीत, पण ऐकण्याचं कुठे अडतं? माझी छाती फुगली होती, म्हणजे असती तर फुगली असती. या खाण्याने घडवलेलं तोंड म्हणजे मी.

बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. जवळच्या शाळेत रविवारी पालकांची सभा होती. तिथे त्या बोलणार होत्या, काकांना शेजारी बसवणार होत्या आणि मला सगळ्यांना दाखवणार होत्या. माझ्या तळाला चिठ्ठी चिकटवली गेली : 'जुन्या आहाराचं तोंड'.

सभेच्या आधीच्या गुरुवारी काका आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. सगळे तिला अक्काच म्हणतात. तिचे यजमान गेल्यापासून ती भावाकडेच राहते. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडाचं पूर्ण बोळकं.

"माझं कौतुक झालं, आता हिचं बघा," काका म्हणाले. "बारा वर्षं झाली, सगळं चहात बुडवून खाते. कवळी बसवून द्या. एका घरातले आम्ही, एका भांड्यातलं खाल्लं, आणि बघा. हिने कधी दातांची काळजीच घेतली नाही."

अक्का नुसती हसली, तोंडावर हात ठेवून. काका बिजागऱ्या आणायला बाजारात गेले.

बाईंनी तिचं माप घेतलं, पण त्यांचं लक्ष वहीकडे होतं. एक घर, एक पाणी, एक आई. भावाचे बत्तीस आणि बहिणीचा शून्य. हे कोडं मलाही सुटेना. दात जायला एकच कारण नसतं हे बाई रोज दहा जणांना सांगतात, तरी त्यांना राहवेना.

"अक्का, मला एक दिवस सांगा. तुम्ही बारा-तेरा वर्षांच्या असतानाचा, सकाळी उठल्यापासूनचा. काका काय खायचे ते नको. तुम्ही काय खायचात?"

अक्का जरा वेळ छताकडे बघत राहिली. "हे कुणी विचारलंच नव्हतं. थांबा हं, आठवू दे."

आणि मग तिने सांगितलं, अगदी साधेपणाने, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. सकाळी रोट भाजायची. दोन वडलांचे, एक भावाचा. पीठ उरलं तर त्याची पेज स्वतःला, नाही उरलं तर चहा. त्यात साखर जास्त घातली की भूक मरते. पाहुण्यांची साखर अशी संपायची.

"आणि दूध?"

"शेळी एकच. तिचं दूध याला. आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा, मी दहाची. जाताना म्हणाली, याला जप. जपायचं म्हणजे काय करायचं, ते कुठं सांगितलं? मला एवढंच कळलं, की चांगलं ते याला द्यायचं."

"दुपारी?"

"कालवणातले तुकडे त्या दोघांचे. तळाच्या रशात उरलेला कुस्करा भिजवून मी खायचे. मऊ व्हायचा, पटकन खाऊन होई. भांडी पडलेली असायची ना."

"आणि ते नळीचं हाड? काका सांगतात, हातोडीने फोडायचे."

"फोडायचा की."

"मग तुम्ही?"

"मी हातोडी पुसून ठेवायचे," अक्का म्हणाली आणि बोळक्या तोंडाने इतकी हसली की बाईंनाही हसू आलं. ते टिकलं नाही.

अक्काची पहिली दाढ चौदाव्या वर्षी गेली होती. मी फळीवर बसून हे ऐकलं आणि मला लाज वाटली. इतके दिवस मी मिरवत होतो ते रोटाच्या आणि दुधाच्या जोरावर. ते कुणाच्या ताटातून आलं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता, आणि म्हणे मला खाण्याच्या चौकशीची हौस.

"काकांना ठाऊक आहे हे?" बाईंनी विचारलं.

"नाही, आणि तुम्ही सांगू नका." अक्काने बाईंचं मनगट धरलं. "पोर होता तो, त्याची काय चूक? या वयात सांगितलं तर त्याला घास गोड लागायचा नाही. आणि कुणाला बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ."

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस बाईंनी ते भाषण चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. मध्येच मला हातात घ्यायच्या, तळाची चिठ्ठी वाचायच्या आणि परत ठेवायच्या. चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं, पण आता त्यांना ती वाचवेना. शब्द मोडायचा नव्हता आणि अर्धंच सांगायचंही नव्हतं. मीही काळजीत पडलो. माझ्यावरून भावा-बहिणीत काही व्हायला नको होतं.

रविवारी मला कापसात गुंडाळून, डब्यात घालून शाळेत नेलं. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत बाईंची मुलगी, तिच्या शेजारी अक्का. बाई बोलल्या, चांगलं बोलल्या. जाडंभरडं चावल्याने जबड्याला काम मिळतं, दूध-पाला-कंद यांनी दात मजबूत होतात, आणि दिवसभर घोटघोट गोड पिण्यासारखं दातांना वाईट काही नाही. मग काकांनी मला तळहातावर घेतलं आणि आपलं बालपण सांगितलं. रोट, शेळी, कंद, हाड, सगळं. लोक रंगून ऐकत होते. काका बोलता बोलता माझ्या दाढेवरच्या उंचवट्यावर अंगठा फिरवत होते.

"काका," बाई म्हणाल्या, "हे सगळं रांधायचं कोण?"

"अक्का. आई लवकर गेली आमची."

"आणि वाढायचं?"

"अक्काच."

"ती कधी जेवायची?"

"आमचं झालं की."

"काय जेवायची?"

"काय म्हणजे? आम्ही जे..." काका थांबले.

ज्या माणसाला शेळीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका आठवत होता, हाड फोडल्याचा आवाज आठवत होता, तो आता माझ्याकडे असा बघत होता, की जणू उत्तर माझ्या दातांत अडकलंय. त्यांचा अंगठा उंचवट्यावर थांबला होता. सगळं सभागृह वाट बघत होतं.

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही. जेवलो की खेळायला पळायचो."

"अरे, जेवायचे की," अक्का पहिल्या रांगेतून म्हणाली. "उपाशी राहिले असते तर एवढी जगले असते का?"

लोक हसले. काका हसले नाहीत. बाईंनी शब्द पाळला की मोडला, यावर मी अजून विचार करतो. त्या सांगणार नाही म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी सांगितलं नाहीच. फक्त विचारलं.

तीन आठवड्यांनी अक्काची कवळी तयार झाली. काका बरोबर आले, या वेळी ना पेन्सिल ना स्क्रू. बाईंनी कवळी बसवली, घासून नीट केली आणि बजावलं, "पहिले दोन आठवडे मऊच खायचं, अक्का."

"अठ्ठ्याहत्तर वर्षं मऊच खाल्लंय मी," अक्का म्हणाली.

काकांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला रोट काढला. स्वतः भाजलेला होता हे सांगायला नको, एक बाजू कोळसा झाली होती. त्यांनी त्याची कड मोडली, त्यातला नखाएवढा तुकडा केला आणि बहिणीपुढे धरला. बाईंनी अडवायला उचललेला हात खाली घेतला.

अक्का सावकाश चावत राहिली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मावशी हातातलं फडकं घेऊन दारात उभ्या. मी तर जन्मापासून याच प्रश्नासाठी ताटकळलो होतो.

"कसा लागतो?" काकांनी विचारलं.

"जळालाय." ती आणखी थोडा वेळ चावत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "अरे, चावत राहिलं की गोड लागतो हा. हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं," काका म्हणाले, "तुला ठाऊक असेल."

तिने दुसरा तुकडा मागितला आणि त्यांनी तो मोडून दिला.

आता मी जुना झालोय. कडा खरवडल्या गेल्यात, एका सुळ्याचं टोक मावशींच्या फडक्याने उडालंय. तळाची ती चिठ्ठी बाईंनी काढून टाकली, नवी काही लिहिली नाही. काकांनी दोन खाचांची एक लाकडी बैठक करून दिली आहे. पुढच्या खाचेत अक्काच्या नुसत्या हिरड्यांचा ठसा, मागच्या खाचेत मी. आलेला माणूस आधी तिला बघतो, मग मला बघतो, आणि हे दोघं कोण म्हणून विचारतो. बाई हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. पूर्वीचं खाणं किती सकस होतं, असं तुमच्या घरी कुणी सांगायला बसलं तर जरूर ऐका, त्यात बरंच खरं असतं. ऐकून झालं की उठा, ते रांधणारं माणूस घरात असेल तर त्याच्यापाशी जा आणि विचारा, तू काय खायचीस. घाई करू नका, त्यांना आठवायला वेळ लागतो. आणि जमलं तर मलाही येऊन सांगा. दुसरी फळी, डावीकडून पहिली बैठक. पुढे एक बोळकं आहे, तेही ऐकतं.