ओटीपी न मागणारी पाटी

नव्या टॅबलेटने किसनराव गावंड्यांना काहीच विचारलं नाही, आणि ते हादरले. नाव नाही, आधार नाही, मोबाइल नंबर नाही. बटण दाबलं की समोर पांढराशुभ्र कागद. साक्षांकित झेरॉक्सची फाइल मांडीवर तशीच राहिली.

"प्रेरणा, हे चोरीचं तर नाही ना?"

"नाही हो काका," पुतणी म्हणाली. "याच्यातलं सॉफ्टवेअर लोकायनं मिळून बनवलं. कोणीबी वापरावं. खातं लागत नाही."

"मंग त्यायले कसं समजन, मी कोण आहो?"

"नाहीच समजत."

एकतीस वर्षं यवतमाळात चित्रकला शिकवलेल्या माणसाला हा जरा अपमानच वाटला.

जुन्या टॅबलेटला सगळं समजत होतं. त्याचं खातं त्यांच्या बायकोने, विमलताईंनी, हौसेने स्वतःच्या नंबरावर उघडून दिलं होतं. विमलताई गेल्या, नंबर बंद पडला, आणि दोन वर्षांनी टॅबलेटने अचानक कुलूप घातलं : तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे. आत किसनरावांनी काढलेली विमलताईंची त्रेचाळीस चित्रं. तूर निवडताना, चष्मा शोधताना. नवऱ्यावर चिडलेल्या तर एकोणीस.

दुसरं काही सुचेना म्हणून किसनरावांनी बायकोचा नंबर फिरवला. तिकडून कोणीतरी उचलला.

"कोण पायजे?" आवाज पुरुषाचा होता, मागे ट्रकचा हॉर्न. नंबर आता वणीच्या कोळशाच्या ट्रकवरल्या बाबूसिंगकडे गेला होता.

"ओटीपी कोणाले सांगू नका, असं यातच लिवलं आहे, मास्तर."

"पण तो माहाच आहे ना!"

"मंग माह्या फोनवर कायले आला?"

किसनरावांनी त्रेचाळीस चित्रांचं सगळं सांगितलं. मग बाबूसिंगने आकडे सांगितले. टॅबलेट रोज कुलूप लावी, किसनराव रोज फोन लावीत. सहा आकडे झाले की मग टायर, ऊन, बाबूसिंगच्या बायकोचे, चंदाबाईचे गुडघे, आणि आज विमलताईंचं कोणतं चित्र उघडलं ते.

मागच्या आठवड्यात बाबूसिंग म्हणाला, "हे सिम एक तारखेपासून बंद करून राह्यलो. खदानीत टावरच भेटत नाही."

किसनराव दोन घास कमी जेवले. प्रेरणा नेटवर नवा टॅबलेट शोधायला बसली. पहिला सापडला तो कॉम्प्युटरला जोडूनच चालणारा; किसनरावांना अंगणात बसून चित्र काढायचं होतं. दुसरा एकट्याने चालणारा, पण खातं उघडा म्हणणारा. "हा त्याचाच भाऊ दिसते," म्हणून तो बाद. तिसरा हा. शेवटचा ओटीपी मागून प्रेरणाने जुन्यातली त्रेचाळीसही चित्रं पेनड्राइव्हवर काढली, नव्यात भरली. सगळी उघडली. एकोणीसही चिडलेल्या.

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन.

"मास्तर, बाबूसिंग. नवा नंबर लिवून घ्या. नाहीतर उद्या ओटीपी कोणाले मागान?"

किसनरावांनी प्रेरणाकडे पाहिलं. आता ओटीपी लागतच नाही, एवढंच सांगायचं होतं.

"काहून गप्प? ताई बऱ्या आहेत ना आतमंधी?"

"बऱ्या आहेत. सांग नंबर."

कोरा कागद जवळ नव्हता. कोणाचाच नंबर न मागणाऱ्या त्या टॅबलेटच्या पहिल्या पानावर त्यांनी वळणदार मास्तरी अक्षरात दहा आकडे लिहिले.

"फोन कितीक वाजता करान?"

"रोजच्याच टाइमाले," किसनराव म्हणाले, आणि प्रेरणाने काही बोलू नये म्हणून झेरॉक्सची फाइल तिच्या हातात दिली.