सेलोफेनच्या पलीकडची हाक

मी एक जुनी बुरशी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. आता मी बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत, कापसाचं बूच लावलेल्या काचनळीत राहते.

माझा जन्म कर्नाटकच्या डोंगराळ मलनाडातल्या सुपारीच्या बागेत झाला. पावसात मी घडांवर पसरायचे आणि हिरवी सुपारी कुजून गळायची. बागायतदार मला शिव्या देत. त्यांचं चुकत नव्हतं. १९६१ साली संशोधक नीलाताईंनी एका कुजक्या सुपारीतून माझा धागा उचलला आणि नळीतल्या ओटच्या घट्ट खळीवर ठेवला.

आमच्यात दोन प्रकार असतात. प्रत्येक प्रकार आपलं रसायन पाझरवून दुसऱ्याला हाक घालतो. उत्तर आलं, तरच टिकाऊ बीजं धरतात. मी हाक घालत राहिले. नळीत दुसरं कोणी नव्हतं.

"ही वांझ दिसते," विभागप्रमुख उमाकांतराव म्हणाले. "कपाटात जागा नाही. टाकून द्या."

"वांझ नाही सर, एकटी आहे."

"मग दाखवा."

नीलाताईंनी मिरीच्या वेलावरून दुसऱ्या प्रकारची बुरशी मिळवली. बशीत आम्हा दोघांमध्ये सेलोफेनचा कागद घातला; त्यातून रसायन झिरपतं, धागे जात नाहीत. बशा धुणारा बेळगावकडचा यल्लाप्पा हसला, "अक्का, लग्न लावताय आणि अंतरपाट धरूनच ठेवताय?"

"जेवायला ओट आहे. बसतोस?"

"नको, तुमचं वऱ्हाडच जेवू दे!"

काही दिवसांनी कागदापलीकडून काहीतरी झिरपत आलं. सरळ वाढणाऱ्या माझ्या धाग्यांना फाटे फुटले, त्यांवर गोल बीजं धरली. पलीकडच्या त्याला मी शिवलेही नव्हते.

उमाकांतराव सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून होते.

"कागद फाटलेला नाही ना?"

"नाही सर."

"मग राहू दे हिला."

नीलाताईंनी माझा एक कोवळा धागा नव्या नळीत लावला, त्याचा एक दुसऱ्या नळीत. बाकी बशी उकळून टाकली. ती बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बागांत पोचली असती तर घात झाला असता. त्याची नळी पलीकडच्या, दिवसभर ऊन येणाऱ्या खोलीत गेली. तिथून हाक येत नाही.

पुढे नीलाताईंची बदली झाली. आता माझी खळ कडेने सुकू लागली आहे.

मित्रांनो, कधी इथे कामाला आलात तर आम्हाला वेळेवर नवी खळ द्या. आमच्याशी ताडून पाहूनच बागेतला रोग ओळखता येतो. आम्हाला एका बशीत मात्र सोडू नका. फक्त आधी पलीकडच्या खोलीत जा. त्याची नळी माझ्या आधी सुकेल.