चार घरांचं कुंकू

मित्रांनो, मी सक्करदऱ्याच्या विणकर गल्लीतला एक जुना हातमाग. सागवानी, ठणठणीत आणि करंटा. माझ्यावर आजवर वीतभरही कापड विणलं गेलेलं नाही.

बहात्तर सालच्या सुमारास बँकेच्या कर्जातून मी शालिकराम विणकराच्या घरी आलो. तोवर तो शेठजीच्या मागावर मजुरी करी. मी येताच ती त्यानं सोडली. त्याच्या बायकोनं, रुख्माबाईनं, मला हळदकुंकू वाहिलं.

"आता आपल्या मागावरचं लुगडं नेसीन मी," ती म्हणाली.

आता फक्त सूत हवं होतं. त्याचे पैसे बँक माझी पाहणी झाल्यावर देणार होती.

पाहणी झाली, पण पैशांऐवजी दलाल मार्तंड आला. पाहणीचा साहेब त्याच्या मुठीत होता.

"माग एक दिवस देऊन दे गा, शालिक. शेजारच्या तुळजाबाईच्या घरी साहेबाले दाखवाचा आहे."

"काहून? तिच्या कर्जाचा माग कुठी गेला?"

"तुले सुताचे पैसे पायजे का नाही?"

अडला हरी, गाढवाचे पाय धरी! शालिकरामनं मला हातगाडीवर चढवू दिलं.

माझ्यावरचा बँकेचा नंबर रंगानं झाकून नवा घातला गेला. तुळजाबाईला वाटलं, माग आपलाच. तिनंही मला कुंकू लावलं. साहेबानं मला असं पाहिलं, जणू आमची ओळखच नाही! दुसऱ्या सकाळी मला हातगाडीवर चढवलं, तेव्हा ती मागे धावली.

"माहा माग कुठी नेऊन राहिले गा?"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. असा मी चार घरी मिरवलो. उरलेल्या तीन मागांचे आणि शालिकरामच्या सुताचेही पैसे मार्तंड आणि साहेब या दोघांनी वाटून खाल्ले. मार्तंडचा धरमपेठेत बंगला उठला.

कर्जं थकली, साहेबाची बदली झाली. त्याच्या जागी गोपाळराव आले, सरळ माणूस. तोवर मी शालिकरामकडे परतलो होतो. त्यांनी माझा रंग खरवडला, तर एकाखाली एक चार नंबर निघाले.

"लबाड आहात तुम्ही सगळे," ते म्हणाले.

"साहेब, मले फक्त सूत द्या. लुगडे विणून पै न पै फेडतो."

"या गल्लीला यापुढे कर्ज नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! शेठजीनं तोवर दुसरा मजूर ठेवला होता. शालिकराम सायकलरिक्षा ओढू लागला. गल्लीतले बाकीचे विणकरही सुताला मुकले. मग सूत रंगवणाऱ्याची भट्टी विझली, मागाचे धोटे घडवणाऱ्या सुतारानं दुकान मोडलं. मित्रांनो, खाल्लं दोघांनी आणि उपाशी अख्खी गल्ली राहिली.

तुम्ही मोठे व्हाल, कुठे तरी पाहणीला जाल. सही करण्याआधी त्या मागावर सूत चढलंय का, एवढं हात लावून पाहा. माझी तेवढीच विनवणी आहे.

दसऱ्याला रुख्माबाई अजून मला कुंकू लावते. एरवी ती माझ्यावर कपडे वाळत घालते. आत्ताही माझ्या आडव्या दांडीवर तिचं लुगडं आहे. गिरणीचं.