चौदा चिठ्ठ्या, त्यातली एक कोरी

रविवारी सकाळी सव्वाअकराला वॉल्टर सरांच्या ओटीवर पंधरा माणसं होती. खुर्च्या अकरा, बाकी चौघं पायऱ्यांवर. चहाचे कप पंधरा, पण दोघांनी चहा घेतला नाही. मधल्या टेबलावर काचेची बरणी आणि तिच्यात चौदा चिठ्ठ्या. पंधरावी माझी असती, पण वही मी ठेवते म्हणून मी मत देत नाही.

वसईजवळच्या गिरीज गावातल्या या मंडळाला नाव नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की सगळे सरांकडे जमतात आणि आठवड्याभरात पाहिलेल्या पिक्चरवर बोलतात. सर निवृत्त मुख्याध्यापक. पूर्वी ते आधी बोलायचे आणि मग बाकीच्यांना त्यांच्याइतकेच मार्क सुचायचे. दोन वर्षांपूर्वी मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा सरांना सांगितलं की आमच्याकडे नमुना कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळू देत नाहीत. ते त्यांना पटलं. तेव्हापासून बोलायच्या आधी प्रत्येकजण दहापैकी मार्क चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकतो. चिठ्ठी पडली की बदलायची नाही. दुसरा नियम सरांनीच घातला: पिक्चरमध्ये आपलं कुणी असेल तर मार्क द्यायचे नाहीत, कारण स्वतःच्या मुलाचा पेपर शिक्षक तपासत नाही.

वहीत तोपर्यंत एकसष्ट पिक्चर होते. त्यांतल्या चारांत वसईची ख्रिस्ती माणसं होती. एकात गिटारवाला, दोनांत दारुडा, एकात दोन्ही. या चारांतल्या सर्वांत चांगल्याला ४.१ मिळाले होते.

त्या रविवारचा बासष्टावा पिक्चर वसईच्या केळीच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती विधवा बाईचा होता. त्यात एक मोठा प्रसंग सुकेळीचा आहे. राजेळी केळी पिकवून, सोलून, बांबूच्या मांडवीवर उन्हात वाळवतात, ती सुकेळी. त्या प्रसंगात नटीचा चेहरा दिसतो आणि जवळून हात दिसतात. चेहरा नटीचा आहे. हात माझ्या रोझमेरी आत्याचे आहेत.

हे ओटीवर आत्याला आणि मलाच ठाऊक होतं. माझी कॉलेजातली मैत्रीण सुरुची त्या पिक्चरची सहायक दिग्दर्शक होती. शूटिंग अलिबागकडच्या एका वाडीत होतं. नटीला सुकेळी शिकवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी आत्याला घेऊन गेले. पहिल्या दिवशी नटीच्या हातून एकोणीस केळी मोडली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने नटीला बाजूला बसवलं, आत्याच्या मनगटात नटीच्या बांगड्या घातल्या आणि कॅमेरा हातांवर लावला. आत्याने घरी एवढंच सांगितलं की अनिशाबरोबर अलिबागला चाललेय. शेवटच्या नावांत आपलं नाव घालू नका, असंही तिने सुरुचीला बजावलं.

परत येताना मी कारण विचारलं. ती म्हणाली की नाव दिसलं तर हे सगळे प्रेमाने दहा-दहा मार्क देतील, आणि तिला ते नकोत. तिला तिच्या माणसांचा खरा आकडा बघायचा होता. मग दुसऱ्या नियमाचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, चिठ्ठी टाकेन, पण कोरी. चर्चा संपली की सांगून टाकेन.

बोलायला पहिले लागले ते नेहमीप्रमाणे दिनानाथकाका. ते पूर्वी टपाल वाटायचे, त्यामुळे गिरीजमधलं प्रत्येक दार त्यांना ठाऊक आहे. त्यांनी आधी मागच्या आठवड्यातल्या पोलिसांच्या पिक्चरचा उरलेला राग काढला. त्यातला इन्स्पेक्टर तीन गोळ्या लागल्यावर दोन मजले चढतो आणि वर जाऊन भाषण करतो. काकांना परवा पायात काटा गेला तर दोन दिवस दूध आणायलाही कुणाला तरी पाठवावं लागलं होतं. जेसिका म्हणाली की काकांना हिरो करायला हवं होतं, पिक्चर अर्ध्या तासात संपला असता.

मग केळीच्या पिक्चरवर आले. जेसिका पंचवीस वर्षांची आहे, वसईत बँकेत काम करते आणि सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही. ती म्हणाली की पहिल्यांदा आपलं घर पडद्यावर बघितल्यासारखं वाटलं. त्या बाईच्या घरी येशूचा अल्तार आहे, पण कॅमेरा त्याच्यावर उगाच थांबत नाही. कुणी दारू पीत नाही. ती बाई दिवसभर कामात असते आणि कामात हुशार असते. काकांनी मान डोलावली. त्यांना बाईचं लाल लुगडं आवडलं होतं. त्यांच्या ओळखीतल्या म्हाताऱ्या बायका नेसतात तसंच, पिना न लावता.

आत्या पायरीवर बसली होती. तिच्या हातातला चहा गार झाला होता. प्रत्येकजण बोलताना ती त्याच्या तोंडाकडे न बघता जमिनीकडे बघत होती.

सर शेवटी बोलले. पिक्चर चांगला आहे, त्यांनी सांगितलं, पण त्यांनी तीन मार्क कापले. एक गाण्यासाठी, कारण ते कुणी गात नाही आणि कुठून येतं ते कळत नाही. एक शेवटासाठी, घाईघाईत उरकल्याबद्दल. आणि तिसरा सुकेळीसाठी. तिसऱ्या दिवशी केळं उलटताना ते हात त्यावर अंगठा ठेवून देठापासून टोकापर्यंत दाबत नेतात. सरांच्या आईने पन्नास वर्षं सुकेळी केली आणि केळं कधी दाबलं नाही. नुसतं उलटायचं, बाकीचं ऊन बघतं.

"हात सराईत आहेत, ते मी मानतो," सर म्हणाले. "पण गिरीजमध्ये अशी सुकेळी कुणी करत नाही. यांनी कुणाला विचारलं कोण जाणे."

कुणी काही बोलण्याआधी आत्या म्हणाली, "पापडीत करतात, सर." पापडी हे वसईतलंच गाव, आत्याचं माहेर.

"तुला काय माहीत? तू तर एकतीस वर्षं गिरीजची सुकेळी करतेस. मी खातो ना तुझी."

"करते. सासूबाईंनी शिकवली तशी करते. पण तिथं सासूबाई नव्हत्या." आत्याने कप खाली ठेवला. "ते हात माझे आहेत."

जेसिकाने चमचा बशीत टाकला. काका आधी आत्याच्या हातांकडे आणि मग माझ्याकडे बघू लागले, जणू चोरी मीच केली होती.

आत्याने मग सगळं सांगितलं, अलिबाग, मोडलेली केळी, बांगड्या. कॅमेरा चालू झाला तेव्हा तिला कुणी काही सांगत नव्हतं. हातांनी आपापलं काम केलं, आणि तिच्या आईचा अंगठा आपल्या हातात आलाय हे तिला पहिल्यांदा सुरुचीच्या छोट्या पडद्यावर दिसलं. माझी आजी पापडीत शेवटपर्यंत तशीच सुकेळी करायची. मीही ते बघितलेलं आहे. केळं दाबलं की पापुद्र्यातली हवा जाते आणि आत बुरशी धरत नाही, असं ती म्हणायची. मी ते कधी तपासलेलं नाही.

सरांनी नियमाचं विचारलं. आत्या म्हणाली, बरणी उघडा.

मी एकेक चिठ्ठी उलगडून टेबलावर मांडली. तेरांवर आकडे होते. चौदावीवर दोन्ही बाजूंनी काही नव्हतं. सरांनी ती उजेडात धरून बघितली, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

जेसिका म्हणाली की मग सरांचा तिसरा मार्क परत यायला हवा, पद्धत चुकलेली नाही, नुसती पापडीची आहे. चार-पाचजण हो म्हणाले. सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि आपली चिठ्ठी पुढे ओढली.

"नको, सर." आत्या पायरीवरून उठून टेबलापाशी आली. "चिठ्ठी पडली की पडली. तुम्हाला मी कोण ते ठाऊक नव्हतं तेव्हाचे सातच मला पाहिजेत."

सरांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी चाळीस वर्षं पेपर तपासले, आणि एकदा दिलेला मार्क कुणाच्या सांगण्यावरून बदलला नाही असं ते नेहमी सांगतात. तो बदलू नको म्हणणारं मात्र त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यांनी चिठ्ठी पुन्हा रांगेत सरकवली.

"अनिशा, वहीत शेऱ्याचा रकाना आहे ना? लिही," ते म्हणाले. "सुकेळी पापडीच्या पद्धतीने. बरोबर. हात, रोझमेरीचे." मग आत्याकडे वळून म्हणाले, "आणि यंदा थोडी तुझ्या आईसारखी कर. मला चव बघायचीय."

आत्या हसली नाही. तिने पदराने हात पुसले आणि टेबलाजवळच उभी राहिली, पाठ एकदम ताठ. मी सरांनी सांगितलेला शेरा लिहिला. मग चिठ्ठ्या वाचल्या आणि काका मोठ्याने म्हणत गेले. नऊचे तीन, आठचे आठ, सातचे दोन. बेरीज मी दोनदा केली, भागाकार एकदा हाताने आणि एकदा फोनवर.

वहीतला याआधीचा सर्वांत मोठा आकडा ७.६२ होता. बासष्टाव्या ओळीत मी लिहिलं: चिठ्ठ्या तेरा, बेरीज एकशे पाच, सरासरी ८.०८.